शॉर्टकट चालत नाही, कमांड सापडत नाही: नेमकं अडलंय कुठे?

“शॉर्टकट चालत नाही” या एका वाक्यात तीन वेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि तिन्हींची औषधं वेगळी. त्यामुळे एकाच्या मशीनवर लागू पडलेला उपाय शेजारच्या टेबलावर फसतो. मग कुणीतरी “एमएस ऑफिस काढून परत टाका” असं सांगून मोकळं होतं. त्यात अर्धा दिवस जातो आणि अडचण बहुतेक वेळा जशीच्या तशी राहते. वर्डमध्ये बदललेले शॉर्टकट तुमच्या युजर फोल्डरमधल्या नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या मूळ साच्याच्या फाइलमध्ये, साठवलेले असतात, भाषा बदलायच्या कळा विंडोजच्या ताब्यात असतात, आणि ऑफिस परत टाकताना या दोन्हींना सहसा हातच लागत नाही.

म्हणून काहीही बदलण्याआधी एक चाचणी करा. जे काम कळांनी होत नाहीये, तेच माउसने करून बघा. मेन्यूतून क्लिक केल्यावर झालं, तर कमांड ठणठणीत आहे आणि कळ वाटेत कुणीतरी खाल्ली आहे. मेन्यूतलं बटणच पुसट दिसत असेल, तर सॉफ्टवेअर या क्षणी ते काम करायच्या स्थितीत नाही. आणि मेन्यूत ते आहे कुठे हेच माहीत नसेल, तर शॉर्टकट बाजूला ठेवा, आधी कमांड शोधायची आहे.

कमांड सापडत नाही

ऑफिस २००३ पर्यंत फाइल, एडिट, व्ह्यू असे मेन्यू होते आणि कमांडच्या समोर उजव्या बाजूला तिचा शॉर्टकट लिहिलेला असायचा. रोज डोळ्यांखालून जाऊन तो आपोआप लक्षात राहायचा. ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली आणि उजवीकडचा तो रकाना गेला. एमएस-सीआयटीच्या वर्गात जुने मेन्यू घोटलेली मंडळी अजून यावरून कुरकुरतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. रिबनवर बटणं दिसायला मोठी झाली, पण काम करता करता शॉर्टकट शिकण्याची सोय गेली.

ती थोडीफार परत आणता येते. वर्डमध्ये फाइल > ऑप्शन्स > ॲडव्हान्स्ड इथे खाली डिस्प्ले नावाचा भाग आहे. त्यात “शो शॉर्टकट कीज इन स्क्रीनटिप्स” वर टिक करा. आता बटणावर माउस नेऊन क्षणभर थांबलात की नावाबरोबर शॉर्टकटही दिसेल. नवीन माणूस कामावर आला की त्याच्या मशीनवर मी सर्वांत आधी हेच तपासतो.

जुने मेन्यू हाताला बसलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एक्सेलमध्ये २००३ च्या मेन्यूतल्या कळा अजूनही चालतात. ऑल्ट दाबून सोडा, मग ई, मग एस. पेस्ट स्पेशलची खिडकी उघडते. ऑल्ट, डी, एफ, एफ दाबलं की फिल्टर लागतो. मधे वर एक छोटी पट्टी येते आणि जुन्या आवृत्तीतल्या कळा पुढे दाबत राहा असं सुचवते. मेन्यू दिसत नाहीत, पण कळा जिवंत आहेत.

खरा उपाय मात्र शोधपेटीचा. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटमध्ये ऑल्ट + क्यू दाबा. ऑफिस २०१६ मध्ये ही पेटी “टेल मी” या नावाने आली, आता ती वरच्या पट्टीत मधोमध असते. तिथे कामाचं नाव टाइप केलं की खाली कमांडच येते आणि एंटर दाबल्यावर लगेच चालते. मदतीचं पान वाचत बसावं लागत नाही. कमांडचं नेमकं नाव माहीत नसेल तरी चालतं. फ्रीझ पेन्सऐवजी नुसतं फ्रीझ टाकलं तरी ती वर येते.

अशी पेटी आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त प्रत्येकाने तिची कळ वेगळी ठेवली आहे. गूगल डॉक्स आणि शीट्समध्ये ऑल्ट + स्लॅश. सगळ्या शॉर्टकटची यादी हवी असेल तर कंट्रोल + स्लॅश. शीट्समध्ये याच यादीच्या खिडकीत एक्सेलसारखे शॉर्टकट चालू करायचा पर्यायही आहे, तो नक्की चालू करा. लिबर ऑफिसमध्ये ७.२ पासून, म्हणजे २०२१ पासून, शिफ्ट + एस्केप. ब्लेंडरमध्ये एफ३, २.८० च्या आधी हेच काम स्पेसबारवर होतं, आता स्पेसबार दाबला की ॲनिमेशन सुरू होतं, त्यामुळे जुन्या व्हिडिओवरून शिकणारे हमखास गोंधळतात. गिंपमध्ये २.१० पासून नुसता स्लॅश, इंकस्केपमध्ये १.१ पासून प्रश्नचिन्ह. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल + शिफ्ट + पी किंवा एफ१. इनडिझाइनमध्ये कंट्रोल + एंटर, तिथे त्याला क्विक अप्लाय म्हणतात. स्टाइल, मेन्यूतल्या कमांड आणि स्क्रिप्ट, तिन्ही त्यातून मिळतात. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट + जी, म्हणजे गो टू; कोणताही रिपोर्ट मेन्यूंत न शिरता उघडता येतो. मॅकवर तर प्रत्येक ॲपच्या हेल्प मेन्यूत शोधपेटी असते, कमांड + शिफ्ट + स्लॅशने उघडते आणि ती कमांड कोणत्या मेन्यूत आहे ते बाण दाखवून सांगते. मॅकमध्ये हे २००७ पासून आहे.

उबुंटू या लिनक्सने २०१२ मध्ये १२.०४ आवृत्तीत याहून पुढची गोष्ट केली होती. ऑल्ट दाबला की कोणत्याही ॲपचा मेन्यू टाइप करून शोधता यायचा, ॲपने वेगळी सोय केलेली असो वा नसो. पुढे १७.१० मध्ये उबुंटूने युनिटी हा आपला डेस्कटॉप सोडून ग्नोम हा दुसरा घेतला आणि ती सोयही गेली. मला त्याची अजून हळहळ वाटते.

शोधपेटीत टाइप करूनही काही येत नसेल तर दोन कारणं बघा. एक, सॉफ्टवेअरची भाषा. लिबर ऑफिस मराठीत चालवत असाल तर पेटी मराठी नावांतच शोधते, आणि ज्या व्हिडिओवरून तुम्ही शिकताय त्यात नाव इंग्रजीत असतं. टूल्स > ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर युजर इंटरफेस इंग्रजी करून एकदा बघा. दुसरं, कमांड आहे पण ती रिबनवर ठेवलेलीच नाही. अशा वेळी रिबनवर कुठेही राइट क्लिक करून “कस्टमाइज क्विक ॲक्सेस टूलबार” उघडा आणि वरच्या यादीत “कमांड्स नॉट इन द रिबन” निवडा. तिथे लपलेली बरीच मंडळी सापडतात.

वर्डपुरता आणखी एक रस्ता. ऑल्ट + एफ८ दाबून मॅक्रोची (एका आज्ञेत चालणाऱ्या कामांच्या साखळीची) खिडकी उघडा, खालच्या यादीत “वर्ड कमांड्स” निवडा, लिस्टकमांड्स शोधून चालवा. सध्या लागू असलेल्या सगळ्या शॉर्टकटचा तक्ता नव्या फाइलमध्ये तयार होतो. छापून भिंतीवर लावण्यापेक्षा फाइल ठेवून त्यात कंट्रोल + एफने शोधलेलं बरं, कारण तक्ता भलताच लांब असतो.

बटण पुसट आहे

हा प्रकार एक्सेलमध्ये सर्वाधिक. आधी खिडकीच्या अगदी खाली डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे “रेडी” लिहिलेलं असायला हवं. “एंटर” किंवा “एडिट” दिसत असेल तर कर्सर अजून सेलच्या आत आहे, आणि आत असताना निम्मी रिबन मिटलेली असते. एस्केप दाबा, रेडी येईल, बटणं जागी होतील. काम करताना चुकून एफ२ लागला की हे होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं एक्सेल अडकलंय.

रेडी असूनही पुसट असेल तर वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे “ग्रुप” आलंय का बघा. खालचे दोन-तीन शीट एकदम निवडले गेले की टेबल वगैरे बऱ्याच गोष्टी बंद होतात. कुठल्याही एका शीटवर राइट क्लिक करून अनग्रुप करा. शीट प्रोटेक्ट केलेलं असेल, किंवा फाइल जुन्या पद्धतीने शेअर केलेली असेल, तरी हेच. मेलमधून आलेली फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडली असेल तर वर पिवळी पट्टी असते, तिथे “एनेबल एडिटिंग” दाबल्याशिवाय काहीच हलत नाही.

कळ कुणी खाल्ली?

इथून पुढचं खरं निदान. तुम्ही दाबलेली कळ थेट एक्सेलकडे जात नाही. आधी कीबोर्ड, मग विंडोज, मग भाषेचा लेआउट किंवा मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, मग मागे चालू असलेली इतर ॲप्स, आणि शेवटी तुमचं सॉफ्टवेअर. यातल्या कुणालाही ती कळांची जोडी स्वतःसाठी हवी असेल तर पुढच्याला ती मिळतच नाही. त्यामुळे तपासणी याच क्रमाने करायची.

कीबोर्डपासून सुरुवात. विंडोज + कंट्रोल + ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि खरा कीबोर्ड दाबत जा. दाबलेली कळ पडद्यावर उजळते. उजळली नाही तर कळ खराब आहे, पुढचं वाचायची गरज नाही. लॅपटॉपवर एफ२, एफ४, एफ५ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर एफएनचा मोड उलटा आहे. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपने तो बदलतो, काहींवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन बदलावा लागतो. आणि कळा दाबून धरल्यावरच उमटतायत, झटपट दाबल्या की नाही, असं असेल तर फिल्टर कीज चालू झाल्या असणार. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की विंडोज त्या चालू करायचं विचारतं, आणि माणूस न वाचता यस दाबतो. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन बंद करा.

आता विंडोज. इथे एक जुनं, नावाजलेलं दुखणं आहे. एक्सेलमध्ये कंट्रोल + ९ ने ओळ लपते, कंट्रोल + ० ने कॉलम लपतो. कंट्रोल + शिफ्ट + ९ ने ओळ परत येते. मग कंट्रोल + शिफ्ट + ० ने कॉलम परत यायला हवा, पण येत नाही. कॉलम गायब झाला म्हणून लोक घाबरतात, फाइल बंद करून परत उघडतात. एक्सेलचा यात काहीही दोष नाही. ही जोडी विंडोजने कीबोर्ड लेआउट बदलण्यासाठी स्वतःकडे राखून ठेवलेली असते, त्यामुळे ती एक्सेलपर्यंत पोचतच नाही. बदलायची जागा अशी: सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > टायपिंग > ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे “इनपुट लँग्वेज हॉट कीज”. जी छोटी जुन्या पद्धतीची खिडकी उघडेल तिच्यात “बिटवीन इनपुट लँग्वेजेस” ही ओळ निवडून “चेंज की सीक्वेन्स” दाबा. दोन भाग दिसतील. उजवीकडच्या “स्विच कीबोर्ड लेआउट” खाली “नॉट असाइन्ड” निवडा, ओके करा, साइन आउट होऊन परत या. हे करायची परवानगी ऑफिसच्या मशीनवर नसेल तर ऑल्ट, एच, ओ, यू, एल अशा कळा एकामागून एक दाबा; कॉलम परत येतो.

त्याच खिडकीच्या डावीकडच्या भागात भाषा बदलायची कळ असते, बहुतेक मशीनवर डावी ऑल्ट + शिफ्ट. वर्डमध्ये परिच्छेद वर-खाली सरकवायला ऑल्ट + शिफ्ट + बाण वापरतात, एक्सेलमध्ये ओळींचे गट करायलाही. बोट जरा लवकर उचललं की परिच्छेद जागेवर आणि भाषा मात्र मराठी. “मधेच आपोआप मराठी येतं” ही तक्रार निम्म्या वेळा इथली असते. भाषा बदलायला विंडोज + स्पेस आहेच, तेव्हा ऑल्ट + शिफ्ट बिनधास्त नॉट असाइन्ड करून टाका.

मराठीत टाइप करणाऱ्यांचं खास दुखणं

इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटवर असताना इंग्रजी सीच्या जागी म आहे, व्हीच्या जागी न, डीच्या जागी हलन्त आणि स्लॅशच्या जागी य. सॉफ्टवेअर कळ दोन प्रकारे ओळखू शकतं: कीबोर्डवरची जागा बघून, किंवा त्या जागेवरून उमटलेलं अक्षर बघून. जागा बघणाऱ्या सॉफ्टवेअरला काही फरक पडत नाही, म्हणून कॉपी-पेस्ट मराठीतही चालतं आणि माणूस निर्धास्त होतो. अक्षर बघणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र स्लॅश दाबल्यावर य मिळतो, आणि य साठी त्याच्याकडे काहीच ठरलेलं नसतं. ब्राउझरमधल्या ॲप्समध्ये हा घोळ विशेष, कारण वेब पानाला ब्राउझर अक्षर आणि जागा अशी दोन्ही माहिती देतो, आणि त्यातली कोणती वापरायची हे पान लिहिणाऱ्यावर असतं. एकाच ब्राउझरमध्ये एका साइटवर शॉर्टकट चालतो, दुसऱ्या साइटवर नाही, त्याचं हे कारण.

म्हणून शॉर्टकट अडला की पहिली कृती ठरलेली: विंडोज + स्पेस दाबून इंग्रजीवर या आणि तीच जोडी परत दाबा. चालली तर निदान झालं. शोधपेटी उघडणारे स्लॅश, प्रश्नचिन्ह असे एकेकटे शॉर्टकट आणि ऑल्ट दाबल्यावर रिबनवर दिसणारी इंग्रजी अक्षरं, यांसाठी तर आधीच इंग्रजीवर आलेलं चांगलं. विम हा कळांवरच चालणारा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. इनस्क्रिप्टवर डीडी दाबून ओळ पुसायला गेलेल्याला तिथे दोन हलन्त मिळतात आणि विमला त्याचा अर्थ लागत नाही.

सतत भाषा बदलत बसायचा कंटाळा येत असेल तर ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जच्या त्याच पानावर “लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो” वर टिक करा. वर्ड मराठीत आणि एक्सेल इंग्रजीत, दोघं आपापल्या भाषेत राहतात. दिवसभर पत्रं आणि तक्ते आलटून पालटून करणाऱ्याला याने फार सुटका मिळते.

इंग्रजीवर आल्यावरही एक खोच आहे. विंडोजमध्ये इंग्लिश इंडिया नावाचा लेआउट असतो. त्यात उजवी ऑल्ट + ४ दाबलं की ₹ उमटतं, ते छानच आहे. पण त्याच उजव्या ऑल्टवर संस्कृत-पाली रोमन लिपीत लिहिणाऱ्यांसाठीची अक्षरंही बसवलेली आहेत, डोक्यावर रेघ असलेला ए, टिंबवाला डी, टिंबवाला एम वगैरे. आणि विंडोजच्या लेखी उजवी ऑल्ट म्हणजेच कंट्रोल + ऑल्ट. वर्डमध्ये कंट्रोल + ऑल्ट + एम म्हणजे कमेंट आणि कंट्रोल + ऑल्ट + डी म्हणजे एंडनोट. एकच जोडी लेआउटलाही हवी आणि वर्डलाही. कमेंटऐवजी चमत्कारिक अक्षर उमटत असेल तर इंग्रजी भाषेच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये यूएस कीबोर्ड जोडा आणि इंग्लिश इंडिया काढून टाका. ₹ मग मराठी लेआउटमधून मिळवा, किंवा त्यासाठी ऑटोकरेक्टमध्ये एक नोंद करून ठेवा.

बाहेरून बसवलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याची टॉगल कळ कोणती हे बघा. अशा काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी-इंग्रजी अदलाबदलीसाठी स्क्रोल लॉक, नम लॉक किंवा कॅप्स लॉक ठेवायची पद्धत आहे. डीटीपीच्या मशीनवर हे सर्रास दिसतं. आता एक्सेलमध्ये स्क्रोल लॉक चालू असताना बाणाच्या कळा दाबल्या तर सेल बदलत नाही, अख्खं शीट सरकतं. वापरणारा म्हणतो “ॲरो की बिघडल्या”, नवा कीबोर्ड येतो, तोही बिघडलेला निघतो! एक्सेलच्या खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून स्क्रोल लॉकवर टिक करून ठेवा, म्हणजे चालू असला की तिथे लिहून येईल. लॅपटॉपवर ती कळच नसेल तर पडद्यावरच्या कीबोर्डवर आहे, तिथून बंद करा. आणि टायपिंग सॉफ्टवेअरची टॉगल कळ बदलता येत असेल तर दुसरी निवडा.

मागे बसलेली ॲप्स

घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत काय काय बसलंय ते उघडून बघा. ग्राफिक्स कार्डाची सॉफ्टवेअर ऑल्ट + झेड, ऑल्ट + आर अशा जोड्या धरून बसतात. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कंट्रोल + ऑल्ट + बाण दाबला की अख्खा पडदाच आडवा होतो; घाबरू नका, कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण दाबला की सरळ होतो. प्रिंट स्क्रीनवर तर स्निपिंग टूल, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स सगळ्यांचाच डोळा असतो. संशयितांना एकेक करून बंद करा आणि मधे मधे जोडी दाबून बघा. दोघांना एकदम बंद करू नका, नाहीतर कोण होता ते कळणार नाही.

रिमोट डेस्कटॉपवर काम करत असाल तर विंडोज कळ आणि ऑल्ट + टॅब कुणाला मिळणार हे जोडणीच्या सेटिंगवर ठरतं: लोकल रिसोर्सेस टॅबमध्ये कीबोर्डखाली “ऑन द रिमोट कॉम्प्युटर” निवडा. कंट्रोल + ऑल्ट + डिलीटसाठी तिथे कंट्रोल + ऑल्ट + एंड.

सगळं ठीक, तरी नाही

आता दोष सॉफ्टवेअरच्या आतच. एक्सेलमध्ये मॅक्रोला कंट्रोल + एखादं अक्षर देता येतं, आणि ते मूळ शॉर्टकटवर मात करतं. कुणीतरी पगारपत्रकाच्या मॅक्रोला कंट्रोल + एस दिलं असेल तर ती फाइल उघडी असेपर्यंत सेव्ह होणार नाही, पगारपत्रक चालेल. “कधी चालतं, कधी नाही” अशी तक्रार आली की कोणती फाइल सोबत उघडी होती ते विचारा. ऑल्ट + एफ८ मध्ये मॅक्रो निवडून ऑप्शन्समध्ये गेलं की त्याची कळ दिसते.

वर्डमध्ये उलटं होतं: स्वतः ठरवलेला शॉर्टकट एका फाइलमध्ये चालतो, दुसरीत नाही. कळ ठरवायच्या खिडकीत खाली “सेव्ह चेंजेस इन” अशी यादी असते. तिथे नॉर्मलऐवजी उघड्या फाइलचं नाव निवडलं गेलं की शॉर्टकट त्या फाइलबरोबरच राहतो. सगळेच शॉर्टकट विस्कटले असतील तर त्याच खिडकीत “रीसेट ऑल” आहे. ॲड-इनचा, म्हणजे वर्ड-एक्सेलमध्ये बाहेरून जोडलेल्या पूरक प्रोग्रामचा, संशय असेल तर कंट्रोल दाबून धरून वर्ड किंवा एक्सेल उघडा, सेफ मोडमध्ये उघडेल; तिथे चाललं तर ॲड-इन एकेक करून काढा.

व्हीएस कोडने यासाठी फार चांगली सोय केली आहे. शोधपेटीत “टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग” चालवा आणि जोडी दाबा. कोणती कळ पोचली, कोणत्या कमांडला गेली, सगळं खाली लिहून येतं. कंट्रोल + के, कंट्रोल + एसने यादी उघडून तिथे कळा दाबून शोधलं की त्याच जोडीवर हक्क सांगणारी सगळी एक्स्टेंशन दिसतात. असं इतरांनीही द्यावं.

आपल्या सोयीची मांडणी

शंभर शॉर्टकट पाठ करायच्या भानगडीत पडू नका. शोधपेटीची एक कळ आणि रोज लागणाऱ्या सात-आठ कमांड हाताशी, एवढ्यावर दिवस निघतो. ऑफिसमध्ये त्या कमांड क्विक ॲक्सेस टूलबारवर टाका. पहिल्या नऊ बटणांना डावीकडून ऑल्ट + १ ते ऑल्ट + ९ असे शॉर्टकट आपोआप मिळतात. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये हाच सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण तिथे मॅक्रोशिवाय स्वतःचा शॉर्टकट ठरवताच येत नाही.

वर्डमध्ये ठरवता येतो. फाइल > ऑप्शन्स > कस्टमाइज रिबन, तळाशी कीबोर्ड शॉर्टकट्स शेजारी कस्टमाइज. त्याहून झटपट: कंट्रोल + ऑल्ट + नंबरपॅडवरचा अधिक दाबा, माउसचा पॉइंटर चार पाकळ्यांचा होईल, आता हव्या त्या बटणावर क्लिक करा, त्याच कमांडची खिडकी उघडते. नवी जोडी दाबल्यावर खाली “करंटली असाइन्ड टू” मध्ये ती आधी कुणाची होती ते येतं. ती ओळ वाचल्याशिवाय असाइन दाबू नका.

पेजमेकरवरून इनडिझाइनवर आलेल्यांसाठी: एडिट > कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये सेटची यादी असते, तीत पेजमेकर ७.० चा तयार सेट मिळतो. शो सेट दाबलं की सगळी यादी टेक्स्ट फाइलमध्ये. पॅराग्राफ स्टाइलला शॉर्टकट द्यायचा असेल तर नंबरपॅडच लागतो, तोही नम लॉक चालू ठेवून. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर स्टाइलसाठी क्विक अप्लाय वापरा.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज > कीबोर्ड > कीबोर्ड शॉर्टकट्स > ॲप शॉर्टकट्समध्ये कोणत्याही मेन्यूला कळ देता येते. मेन्यूचं नाव तंतोतंत लिहावं लागतं, शेवटच्या तीन टिंबांसकट. ती टिंबं राहिली की शॉर्टकट मुकाट्याने चालत नाही आणि मॅक काही बोलतही नाही.

मदत मागताना

एवढ्यानेही सुटलं नाही आणि कुणाला विचारायचं झालं, तर विंडोजची आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती, लावलेले कीबोर्ड लेआउट, माउसने तेच काम होतं का, आणि इंग्रजीवर येऊन जोडी दाबल्यावर काय झालं, एवढं लिहा. उदाहरणार्थ: “विंडोज ११, वर्ड ३६५, लेआउट इनस्क्रिप्ट आणि यूएस. कंट्रोल + शिफ्ट + स्पेसने न तुटणारी जागा येत नाही. इन्सर्ट > सिंबॉलमधून येते. इंग्रजीवरही येत नाही. सेफ मोडमध्ये येते.” हे वाचणारा पहिल्याच उत्तरात ॲड-इन आणि नॉर्मल टेम्प्लेटकडे बोट दाखवेल.